लाभ, दोन, तीन

मंगळ., ४ फेब्रु.
गोष्टींच्या ॲपवाल्यांनी ‘पॉलिश’ केलेली माझी गोष्ट मेलवर आली. वाचली. शिसारी आली, दुसरा शब्द नाही.
माझ्या गोष्टीतले तात्या उरणच्या एका बोळात दुकान मांडून बसतात. ते दुकान दिसतं फक्त दुसऱ्यासाठी काही घ्यायला निघालेल्याला. स्वतःसाठी गेलात तर बंद शटर. पॉलिशनंतर दुकान मॉलमध्ये, तात्यांच्या जागी बोलणारं मांजर, दारावर पाटी ‘हवं ते घ्या’. पितळी मापातून तांदळाऐवजी चॉकलेटं पडतात. जादू म्हणजे काय, तर हवं ते लगेच मिळणं. मग घरपोच सामान आणणाऱ्यात आणि तात्यांत फरक काय राहिला?
सहा वर्षं मासिकं ही गोष्ट परत पाठवत होती. पहिला होकार आला, तो असा.

बुध., ५
महाप्याला जाऊन आले, त्यांच्या ऑफिसात. रिया म्हणून प्रमुख आहे. ताई ताई करते, पाणी आणून देते, ऐकत काही नाही. मांजर चालेल म्हटलं मी. मॉलही. स्वतःचीच चीड येते आहे.
मापावर मात्र अडले. तिने मोजणी ‘एक, दोन, तीन’ केली आहे. सांगितलं, धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वाईला बाबा असेच मोजायचे, मी अजूनही तशीच मोजते. गोष्टीतली मुलगी घाईत ‘एक’ म्हणते आणि माप रिकामं पडतं. सगळी गोष्ट तिथे आहे.
“ताई, मुलं कन्फ्युज होतात. दोनच्या आधी एकच येतो ना.”
वर म्हणाली, चुकीमुळे जादू गेली तर मुलांना निगेटिव्ह वाटतं.

गुरु., ६
करारपत्र आलं. सही केली की गोष्ट कायमची त्यांची. मी, किंवा घरच्या कुणीही, ती कुठे छापायची नाही, कुठे सांगायची नाही. मुदत शनिवार संध्या. सहा.
संदीप म्हणाला, “कर सही. नाव तरी लागेल. अन् नवीन लिही की एखादी.” नवऱ्याचं तसं चूक नाही. पण ही मुक्तासाठी रचलेली. ती दोन वर्षांची होती, भात शिजेपर्यंत एका जागी बसावी म्हणून तांदूळ मोजता मोजता... आता लेक आठची झाली. नवीन कुठून आणू?
नावाचा मोह आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता यायचं नाही.

शुक्र., ७
रियाने आवाजासकट नमुना पाठवला. मांजर किंचाळत मोजतं. मुक्ताला ऐकवला. तिला आवडला! तीनदा लावला. मग म्हणाली, “आई, पण ह्यात तात्या कुठेत?”
नाहीत म्हटलं.
“मग दुकान कोणाचंय?”
भांडी घासायला घेतली.

शनि., ८
संदीपची आत्या अचानक आली, जेवायला थांबली. तांदूळ काढायला बसले, मुक्ता पातेलं धरून समोर. माझ्या डोक्यात करारपत्र. पहिलं माप ओतलं आणि म्हटलं, एक.
त्या मांजराच्याच चालीत. रियाची आली नव्हती इतकी किळस मला माझी आली.
पातेल्यातला तांदूळ मुक्ताने परत डब्यात ओतला, पातेलं झटकलं, पुन्हा समोर धरलं. “आता नीट मोज. आत्याआजीसाठी आहे ना.”
लाभ म्हटलं.

साडेपाच झाले. पत्र टेबलावर, पेन त्याच्यावर. रियाचे दोन मिस्ड कॉल. आत मुक्ता आत्याआजीला तात्यांची गोष्ट सांगते आहे, बोळ, शटर, माप, सगळं जागच्या जागी. आत्ता मध्येच थांबून तिने तिथूनच विचारलं, “आई, सोमवारी शाळेत हीच सांगू? चालेल ना?”
अजून ओ दिलेली नाही.