दोन मिलिमीटर

प्रिय ताई,

फोनवर हा विषय निघाला की तू "जेवलास का?" विचारून मोकळी होतेस. म्हणून लिहितोय.

दवाखान्यात आता कॉम्प्युटरवर आखल्याशिवाय मी दाताचं एकही इम्प्लांट बसवत नाही. स्कॅनमधला जबडा पडद्यावर फिरवून बघायचा, खालच्या ओठाला जाणारी नस रंगवून घ्यायची आणि तिच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबेल असा इम्प्लांटचा स्क्रू निवडायचा. मग दातांवर घट्ट बसणारा साचा छापून घ्यायचा. ड्रिल त्याच्या छिद्रातूनच जातं, तसूभर हलत नाही. नव्या डॉक्टर मुलींना वाटतं, सर फार काटेकोर. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण तुझ्या दाढेच्या वेळीही हे सगळं होतं. सहायक डॉक्टर म्हणालीसुद्धा, "सर, एक दिवस थांबू, आखून घेऊ." मी म्हटलं, "माझ्या ताईचा जबडा मला तोंडपाठ आहे." तू खुर्चीतून हसलीस. वीस वर्षं सरावलेल्या हाताचा तोरा होता तो, दुसरं काही नाही.

आई गेल्यावर बासरीच्या शिकवण्या घेऊन तू मला डॉक्टर केलंस. आता चहा हनुवटीवर ओघळतो तरी तुला कळत नाही. लेक गुपचूप रुमाल पुढे करते. बासरी ओठाला टेकली की नाही, हेच समजेना, म्हणून शिकवण्या बंद केल्यास. कुणी विचारलं तर सांगतेस, "धाकट्याची काही चूक नाही, माझीच नस जगावेगळी." हे वाक्य तुला मीच पढवलं होतं.

ताई, तुझी नस जिथे असायला हवी तिथेच होती. दुसऱ्या दिवशी "ओठ अजून झोपलाय रे," म्हणत तू आलीस, तेव्हा मी स्कॅन काढला. स्क्रू नसेत रुतलेला स्पष्ट दिसत होता. तेव्हाच तो स्क्रू काढला असता, तर ओठाला जाग येण्याची आशा होती. पण मग चूक कबूल करावी लागली असती. मी पडदा बंद केला आणि तुला म्हटलं, "येईल जाग, धीर धर." तू वर्षभर धीर धरलास.

तो स्कॅन सोबत पाठवतोय. नसांच्या डॉक्टरांना दाखवला; म्हणाले, आता फार उशीर झालाय. माफी मागत नाही, तू लगेच देऊन टाकशील. एवढंच कर, यापुढे कुणापुढेही माझी बाजू घेऊ नकोस.

तुझाच,
धाकटा