मफलरचे सुटलेले टाके

ती. आईस,
दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. सर्दी आहे, पण ती इथे सगळ्यांनाच आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नकोस.

तू विचारलंस, मी नक्की करते तरी काय? आमच्या यंत्रातून इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सुटतो. तो नखाएवढ्या चकतीवर, साचा न वापरता, थेट रेघा काढतो. त्यांच्यापुढे केस म्हणजे ओंडका! या रेघांना उजेड कळतो. काल अगदी मंद दिवा दाखवला, तर पडद्यावरचा आकडा टुणकन वर गेला. मी खुर्चीतच उडी मारली.

परवा मात्र कुणीतरी दार आपटलं आणि रेघ थरथरली. सगळं काम पाण्यात. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी ती चकती फेकून दिली आणि दारावर ‘हळू लावा’ अशी पाटी लावली.

तेव्हापासून मला जिथे तिथे चुकलेल्या रेघाच दिसतात. तू पाठवलेला मफलरही मी तसाच न्याहाळला. टीव्ही बघत, न चुकता विणणारी तू, आणि यात चक्क टाके सुटलेत! घाई झाली म्हणू नकोस. तू घाईत कधी काही विणलंयस?

परत पाठवणार नाही, तू उसवत बसशील. रोज घालते. ऊब छान आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे?

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरीही हे पत्र तुला बाबाच वाचून दाखवत असतील, तर बाबा, ही ओळ गाळू नका: उद्याच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

तुमची,
मफलरात नाक खुपसून बसलेली धाकटी