मधोमध तुटणारा धागा

६ नोव्हेंबर २००६
यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हणे, वयामुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, रोज पालेभाजी, चालणं, उन्हात गॉगल. एक चौकटींचा कागद दिलाय. रोज एकेक डोळा झाकून बघायचा, रेघा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी यायचं. मी जन्मभर कापसाचा ग्रेडर होतो, तंतू बघून प्रत ठरवणारा. आर्णीचे शेतकरी विकण्याआधी अजून नमुना घेऊन माझ्याकडेच येतात. या डोळ्याला काय होणार? तरी उद्यापासून शिस्त.

७ नोव्हेंबर, सकाळ
खर्रा सोडला. सोपं आहे.

७ नोव्हेंबर, दुपार
एकदम सोडलं की शरीराला धक्का बसतो. अर्धाच खाल्ला.

९ नोव्हेंबर
काल पालक, आज अंबाडी. बायको सुचित्रा सूडच उगवतेय. मग सुचलं, विड्याचं पानही हिरवंच की! दोन खाल्ली, तंबाखू घालून. ती म्हणाली, डॉक्टरांना कळवू का? हिला आहारशास्त्र कळत नाही.

१२ नोव्हेंबर
डाव्या डोळ्यानं कागदावरच्या मधल्या रेघा वाकड्या दिसल्या. छपाई भिकार. दोन्ही डोळे उघडे ठेवले, सगळ्या सरळ! देवानं दोन दिलेत, तर दोन्ही वापरावेत.

१५ नोव्हेंबर
चालायचंही आणि उन्हापासून जपायचंही, एकदम कसं जमणार? घरीच बसलो.

१८ नोव्हेंबर
रामराव नमुना घेऊन आला. सवयीप्रमाणे तंतू ओढून काळ्या फडक्यावर ठेवले, उजवा डोळा मिटून पाहिलं. प्रत्येक तंतू मधोमध तुटलेला! तसं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "असं कसं, भाऊ? मायी बोंडं तं मस्त फुटली होती," म्हणाला. म्हटलं, बियाण्याचा दोष. यंदा बियाण्यांच्या इतक्या तक्रारी आहेत की कापसाबद्दल काहीही वाईट सांगा, लोकांना पटतं. चहा न घेताच गेला. मलाही वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर
धावजी शेतकऱ्यानं आणलेला नमुनाही मधोमध तुटका. अख्ख्या तालुक्यात रोग आहे आणि तो माझ्याच नजरेला पडला! कृषी खात्याला कळवायला हवं.

२२ नोव्हेंबर, दुपार
सुचित्राला रोग दाखवायला बसवलं. तिनं त्याच फडक्यावर शिवणाची नवी सुई ठेवली. सुईही मधोमध तुटकी. म्हटलं, हलक्या सुया आणतेस. तिनं माझा डावा डोळा झाकून उजवा उघडायला लावला. सुई अखंड.

भीती वाटली. रामरावाचा कापूस चांगला होता.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
माफी मागायला रामरावाकडे गेलो. तो म्हणतो, "कापूस तं मी परवाच विकला, भाऊ. पहिल्या नंबरात गेला. तुमचा डोळाच दाखवाचा राह्यला." मग मला सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाला, तुम्हाले वाईट वाटलं असतं.

उद्या सकाळी त्याच्याच मोटरसायकलवर यवतमाळ. जेवताना पालक मागून घेतला. नंतर पान खाल्लं नाही.