शहाऐंशी सीड्या

माधव नगर, उज्जैन
९ जुलै २०२४

प्रिय विष्णुपंत यांस भय्याचा नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व ठीक. सिंहस्थाला अजून चार वर्षं आहेत, पण आमच्या गल्लीतला रस्ता आत्तापासूनच खोदून ठेवलाय. स्कूटर कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी लावून घरी पायी यावं लागतं. फोनवर सुलूच सगळं बोलून घेते, तुमच्या वाट्याला काही उरत नाही. बहीण माझीच, तिला काय बोलणार? म्हणून हे पत्र.

मोठी बातमी अशी की माझ्या सीड्या कंप्यूटरवर चढवायचं काम अखेर काढलं. आमची सून निहारिका कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिनेच ड्राइव्ह आणून जोडून दिला. एमपीथ्री करायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यात आवाज छाटून फाइल लहान करतात. आम्ही फ्लॅक करतोय, म्हणजे सीडीवर जेवढं आहे तेवढं सगळं, कणभरही कमी नाही. अकराशे चाळीस सीड्या आहेत, रोज पंधरा-वीस होतात. मी एकेक पुसतो, घालतो, नाव टाइप करतो. दिवस कसा जातो कळत नाही.

तुमची फार आठवण येते. दहा वर्षं दर रविवारी तुम्ही नानाखेड्याहून यायचे, सोबत बसून ऐकायचे, जाताना चार-पाच सीड्या न्यायचे आणि पुढच्या रविवारी न चुकता परत. कितीजणांनी मागितल्या, पण तुमच्याशिवाय मी कुणाला सीडी दिली नाही. तुम्ही दोघं चिन्मयकडे नाशिकला राहायला गेलात आणि माझा रविवार खामखा लांब झाला. काम झालं की एक पूर्ण संच तुम्हाला पाठवतो.

चिन्मयला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ नाशिकच्या हवेतही टिकवा.

भय्या


नाशिक
२२ जुलै २०२४

ती. स्व. भय्यासाहेब यांस विष्णूचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुलूचा गुडघा आता बराच बरा आहे. भैरवगढच्या छपाईची चादर इथे मिळत नाही म्हणून तिची कुरकुर चालू असते. चिन्मय म्हणतो, आईला इथे येऊन तीन वर्षं झाली तरी ती अजून उज्जैनच्याच बाजारात फिरते.

आपण काढलेल्या कामाबद्दल लहान तोंडी मोठा घास घेतो. या वयात इतका झमेला कशाला? निहारिकेला कॉलेज आहे, घर आहे. आता मोबाइलवर काय मिळत नाही? शिवाय जुन्या सीड्या ड्राइव्हमध्ये घालून खराब होतात असं ऐकलं. काही खराब निघाल्याच तर मनाला लावून घेऊ नये, त्यांनाही वय आहे.

माझ्यासाठी संच वगैरे करण्याची तसदी बिलकुल घेऊ नये. मला कुठे तेवढं कळतं? येणं होत नाही, पण आपल्या पायांशी आहे असंच समजावं.

आपला,
विष्णू


माधव नगर, उज्जैन
१८ ऑगस्ट २०२४

श्री. विष्णुपंत यांस,

हे पत्र सुलूच्या हाती पडू नये म्हणून रजिस्टरने तुमच्या नावे पाठवतोय.

प्रत्येक फाइल झाली की निहारिका तिचा आलेख काढून बघते. चांगल्या सीडीचा आलेख वरपर्यंत, म्हणजे सगळ्यात उंच, बारीक आवाजापर्यंत भरलेला असतो. गेल्या आठवड्यात गौड सारंगच्या सीडीचा आलेख मध्येच कात्रीने कापल्यासारखा सपाट निघाला. निहारिका म्हणाली, “बाबा, ही सीडी एमपीथ्रीवरून बनवलेली आहे.” मी तिच्यावरच चिडलो. ती सीडी मी सत्त्याण्णव साली दौऱ्यावर असताना कलकत्त्याला घेतली होती, कव्हरच्या आत माझ्या अक्षरात तारीख आहे. तिने सीडी काढून उजेडात धरली. कव्हर माझंच होतं. सीडी माझी नव्हती. वरचं चित्र घरच्या प्रिंटरवर छापलेलं, खालची बाजू हिरवट.

तो हिरवट रंग मी पूर्वीही पाहिला होता. तुम्हालाच विचारलं होतं. जुन्या झाल्या की येतो, असं तुम्ही म्हणालात आणि मी मानलं.

मग आम्ही सगळ्या बघितल्या. अशा शहाऐंशी निघाल्या. उसन्या दिल्याची वही मी ठेवतो. शहाऐंशीच्या शहाऐंशी तुमच्या नावावर आहेत. ज्या घराबाहेर गेल्याच नाहीत, त्यांत अशी एकही नाही.

निहारिका आणखी एक गोष्ट सांगत नव्हती, मी खोदून विचारली तेव्हा बोलली. तारखांप्रमाणे लावलं तर आलेखाची ती कापलेली रेघ दर वर्षी खाली येत गेलीय. दोन हजार अकरात जरा वरती, एकोणीसमध्ये निम्म्यावर. म्हणजे कुणीतरी दर वर्षी जाणूनबुजून जास्त जास्त छाटत गेलं.

सरळ उत्तर हवं आहे.

भय्यासाहेब


नाशिक
१ सप्टेंबर २०२४

ती. स्व. भय्यासाहेब यांस कृ. सा. न. वि. वि.

मीच केलं. सुलूला आणि चिन्मयला यातलं काहीही माहीत नाही.

पहिली सीडी माझ्या हातून पडून तिला चरा गेला. आपण काय म्हणाल या भीतीने इंटरनेटवरून तेच गाणं उतरवून कॉपी बनवली आणि आणून दिली. त्या रविवारी आपण ती लावली, डोळे मिटले आणि म्हणालात, अस्सल माल असा असतो, तानपुऱ्याची तार दिसते नुसती.

त्याच्या दहा-बारा वर्षं आधीची गोष्ट आपल्याला आठवत नसेल. माझ्या घरी चिन्मयच्या मुंजीत, माझ्या रेल्वेतल्या लोकांसमोर आपण म्हणालात, “विष्णुपंतांचे कान स्टेशनवरच्या घोषणेपुरतेच आहेत.” सगळे हसले. मीही हसलो. बुकिंग क्लार्क होतो, हसण्यावाचून काय करणार?

आपल्याला कॉपी कळली नाही हे पाहून मला इतका आनंद झाला की त्याची मला आजही लाज वाटते. मग मी मुद्दाम करू लागलो. दर वर्षी थोडं आणखी छाटायचो आणि वाट बघायचो की आज ओळखतील, आज तरी म्हणतील, विष्णुपंत, काहीतरी चुकतंय. आपण कधी म्हणाला नाहीत. नंतर नंतर त्यात आनंदही राहिला नाही, पण थांबलो नाही.

आपल्या पंच्याऐंशी सीड्या वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत. चऱ्याची तेवढी टाकून दिली होती. एकही विकली नाही, कुणाला दिली नाही. ऐकलीही नाही. जशा आणल्या तशा कपाटात ठेवल्या होत्या.

क्षमा मागायचं तोंड नाही. तरी मागतो.

विष्णू


माधव नगर, उज्जैन
२० ऑक्टोबर २०२४

श्री. विष्णुपंत यांस नमस्कार.

पार्सल पोचलं. एकही फुटली नाही, नीट बांधलं होतं.

मुंजीतलं ते बोलणं मला खरंच आठवत नव्हतं. बायकोला विचारलं. तिला आठवतं. मी तसं बोललो आणि ते वाईट होतं. चार माणसांत बोललो, तेव्हा चार माणसांत माफी मागायला हवी होती. पत्रात मागतो.

निहारिकेला सांगितलं, आपली अस्सल आणि यांची नक्कल, दोन्ही लाव, मला कुठली ते सांगू नकोस. दहा वेळा लावल्या. मी सहा वेळा चुकलो. माझ्या कानांबद्दल आयुष्यभर जे समजत होतो ते त्या दुपारी संपलं. त्याचा दोष तुम्हाला देत नाही. कान माझे आहेत.

पण तुम्ही लिहिलंत की एकही ऐकली नाही, ते वाक्य मला झोपू देत नाही. विष्णुपंत, तुम्ही त्या सीड्या रोज ऐकल्या असत्या, मोहाने ठेवून घेतल्या असत्या, तर मी चिडलो असतो आणि महिन्याभरात विसरलोही असतो. गाण्याचा मोह मला कळतो. तुम्ही त्या कपाटात ठेवल्या आणि दर रविवारी समोर बसून माझा चेहरा बघितलात. मला वाटायचं, या शहरात एक तरी माणूस माझ्यासोबत ऐकतो. मी डोळे मिटले की तुम्हीही मिटत असाल, असं मी धरून चाललो होतो.

राहिलेलं काम निहारिका पुरं करते आहे. मी त्या खोलीत बसत नाही. गाणं सुरू झालं, डोळे मिटले, की समोरून कुणीतरी बघतंय असं वाटतं.

भाऊबीज तीन तारखेला आहे. सुलूला घेऊन तुम्ही दोघं या. जावई आहात, तुमचा मान होईल, ताटाला काही कमी पडणार नाही. जेवणं झाली की सुलू नेहमीप्रमाणे म्हणेल, दादा, गाणं लाव. मी सांगेन की मशीन बिघडलंय. तुम्ही लगेच म्हणा, हो, मला फोनवर म्हणाले होते. तेवढं एक खोटं आपण दोघांनी मिळून बोलायचं आहे.

गाडीची वेळ कळवा. स्टेशनवर घ्यायला येतो.

भय्या