बसव्वा चाळीचा नळ

२७ फेब्रुवारी १९७८
साहेब निवडून आले. आता आमदार! प्रचाराला चाळीत आले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, काय, कसं काय. असं ते सगळ्यांना म्हणत नाहीत. बायको दाक्षायणी म्हणते, सगळ्यांनाच म्हणाले. तिचं लक्ष नसतं.

आमच्या चाळीत नळ नाही. बायका दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणतात. दाक्षायणीचा गुडघा सुजलाय. संकल्प: कडक उन्हाळ्याच्या आत नळ. चाळीत जाहीर केलं.

४ मार्च
अर्ज लिहिला. तीन पानं. शेजारचे कल्लप्पा म्हणाले, मागच्या आमदाराला आपण सात अर्ज दिले होते की. सातही पोचले म्हणे. कुठं, ते कुणाला ठाऊक.

५ मार्च, सकाळ
डोकं चाललं. कागद हरवतो, चादर हरवत नाही. मी चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढतो, म्हणजे विणायची नक्षी चौकटीच्या कागदावर; म्हणून तर चाळ मला मास्तर म्हणते. चादरीवर मोर येतो, नाव येतं, मग अर्ज का नाही? सोलापुरात पुढाऱ्याचा सत्कार चादरीनंच होतो. साहेब ती पांघरणार, रोज झोपताना वाचणार. असं अजून कुणाला सुचलेलं नाही. मालक म्हणाले, सुट्टीच्या दिवशी कर आणि सूत तुझं.

१२ मार्च
तीन पानं बसेनात. एवढंच बसलं: साहेब, बसव्वा चाळीला नळ द्या. शिवयोगी, सोलापूर. मोर काढून टाकले असते तर गुडघ्याचंही बसलं असतं. पण मोराशिवाय चादर कशी दिसणार?

२६ मार्च
डाक बंगल्यावर सत्कार. माझा नंबर एकतिसावा. चादर साहेबांच्या खांद्यावर घातली. घडी उलगडायचा बेत होता, पण फोटोवाला घाई करत होता. साहेबांनी स्वतःहून विचारलं, मुलगी कशी आहे. मला दोन मुलगे. पण आपुलकी बघा. चादर गठ्ठ्यावर गेली, सगळ्यात वर. बत्तिसावा येईपर्यंत तरी वरच होती.

१० एप्रिल
उत्तर नाही. मुंबईत उकाडा फार, चादर कोण घेतो? थंडी पडली की वाचतील. चाळीत हे समजावून सांगितलं. चाळीतली चंद्रव्वा म्हणाली, म्हंजे नळ दिवाळीनंतर व्हय. तिला राजकारण कळत नाही.

१९ एप्रिल
बायकांनी ठरवलं, सगळ्यांनी रिकाम्या घागरी घेऊन साहेबांच्या सोलापूरच्या बंगल्यावर जायचं. मी अडवलं. म्हटलं, संबंध बिघडतील. दाक्षायणीनं विचारलं, कुठले संबंध. मी विषय बदलला. घरात वाद नकोत.

२७ एप्रिल
दाक्षायणी घागरीसकट घसरली. गुडघा आणखी सुजला. तेल चोळून दिलं. म्हटलं, थोडं थांब. मला वाईट वाटलं. उद्यापासून पाणी मी आणणार.

२८ एप्रिल
उठायला उशीर झाला. पाणी चंद्रव्वानं आणून दिलं.

२ मे, दुपार
मुंबईहून पाकीट! साहेबांच्या सेक्रेटरीचं! फोडलं नाही. संध्याकाळी सगळ्या चाळीसमोर फोडणार. पाव किलो पेढे आणले. कल्लप्पांना म्हटलं, नळ कुठं बसवायचा ती जागा बघून ठेवा. ते खरंच बघायला गेले.

२ मे, संध्याकाळ
सगळे जमले. पेढे आधीच वाटले, ही चूक झाली. मी ओट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचलं. चादर साहेबांच्या मातोश्रींना फार आवडली. तशाच आणखी सहा लवकर पाठवाव्यात. मोर असू द्यावेत. अक्षरे नकोत.

मधेच थांबायला हवं होतं, पण वाचायच्या भरात शेवटपर्यंत वाचलं.

मग चंद्रव्वा हसायला लागली आणि सगळी चाळ हसली. कल्लप्पा तर खालीच बसले. दाक्षायणी हसली नाही. तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि सांगितलं, उद्या सकाळी सात वाजता घागरी घेऊन बंगल्यावर निघायचं. रिक्षा तिच्यापुरती, बाकीचे चालत.

चंद्रव्वा म्हणाली, मास्तर, तुमी म्होरं चाला, तुमची वळख हाय.

मी म्हटलं, मी मागं राहतो. साहेब मला ओळखत नाहीत.

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. चाळीत कुणालाच नवल वाटलं नाही.