पाठीखालचा हात

२ जानेवारी
आले एकदाची. नवं रुग्णालय, नवी नोकरी, राहायला खोली. काडेपेटीएवढी आहे, पण माझी एकटीची, आणि खिडकीत छान ऊन येतं. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर दिसायला कडक, मनाच्या मऊ वाटल्या. त्यांचा नियम एकच: पेशंटला एकटीनं उचलायचं नाही, कायम दोघींनी, चादर धरून. तीन महिने नोकरी कच्ची. पक्की झाली की ताईकडे ठेवलेल्या माझ्या चिमणीला इकडे आणायचं. चार वर्षांची पोर आईशिवाय राहतेय, माझा जीव तिळतिळ तुटतो.

११ जानेवारी
एका आजोबांना वर सरकवताना कमरेत उसण भरली. लपवायला गेले, पण मी लंगडतेय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वाटलं, गेली नोकरी. मोठ्या सिस्टर मात्र ओरडल्या नाहीत, दुपारच्या व्यायामवर्गाला धाडलं. कंबर धरलेल्या आम्ही सगळ्या नर्सेस चटयांवर उताण्या, गुडघे उभे. डोळे मिटायचे, श्वास सोडत बेंबी आत ओढायची, पोट घट्ट धरून कंबर उचलायची. उताणं पडलेलं झुरळ बरं, अशी माझी तऱ्हा. मग शिकवणाऱ्या बाईंनी पाठीखाली हात सरकवला आणि कंबर अलगद वर गेली. हात गार होता, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू.

१९ जानेवारी
दुखणं पळालं. वर्गात रोज तो हात मिळतो. आज जोडीदारीण जेवायला गेलेली आणि खिडकीजवळच्या आजी ओल्या चादरीवर. राहवेना. पोट घट्ट धरलं आणि एकटीनंच उचललं. काहीच वजन लागलं नाही. आजी म्हणाल्या, पलीकडच्या सिस्टरचे हात किती गार गं. पलीकडे कुणी नव्हतं. वय झालंय त्यांचं.

२१ जानेवारी
आजींच्या बरगड्यांवर बोटांचे वळ, काळेनिळे. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांना विचारलं, इतकं आवळून कुणी धरलं. मी चादरींच्या घड्या घालत राहिले. माझे हात खांद्याखाली आणि मांड्यांखाली होते. बरगड्यांना मी शिवलेही नव्हते.

२६ जानेवारी
न राहवून शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी कुणालाच हात लावत नाही, जिची कंबर तिनंच उचलायची, तोच तर व्यायाम. आता वर्गाला जाणार नाही.

२८ जानेवारी
वर्ग बंद, हात बंद नाही. खुर्चीत टेकले तरी असतो. आता पाठीखाली नाही — आत. पोट आपोआप आवळतं. श्वास सोडला की परत घेता येत नाही, त्या हाताची पकड सुटेपर्यंत.

२९ जानेवारी
आज ठरवून कुणाला उचलायला गेले नाही. तरी आजींच्या पलंगाशी उभी होते. हात पुढे — माझेच — मोठ्या सिस्टर आल्या म्हणून थांबले. नाहीतर —

३० जानेवारी
ताईचा फोन. चिमणीनं रडून ताप आणलाय, उद्या घेऊन येते म्हणाली. नको म्हणायला तोंड उघडलं. पोट आवळलं. आवाज फुटेना. ताईला वाटलं, आनंदानं कंठ दाटलाय.

३१ जानेवारी
आल्या. दाराबाहेर आहेत. आतून कडी लावलीय. ताई, घेऊन जा तिला, एवढंच ओरडायचंय — श्वासच —

चिमणी दार वाजवतेय. आई, उचलून घे, म्हणतेय.

उजव्या हातानं लिहितेय. डावा माझं ऐकत नाही. डावा कडी का—