वाळूरंगी गल्लीतलं जाळीचं दार

७ एप्रिल, सकाळ

कुंईऽऽऽ… फट्! फट्-फट्.

हा आवाज मी लहानपणी नेब्रास्कात रोज ऐकायचो. काल दुपारी पुन्हा ऐकला. जाळीच्या दाराची स्प्रिंग आधी ताणून रडते, मग दार चौकटीवर आपटतं, मग चूक लक्षात आल्यासारखं दोनदा हळू आपटतं. त्यापाठोपाठ स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "वेंडेल, दार आपटू नकोस!" काल आई ओरडली नाही. बाकी सगळं तंतोतंत.

दार जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं. लाकडी, हिरवं, खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी कुत्र्याने ओरबाडलेलं. बसवायला शेजारच्या गस पापसने मदत केली. गस शिकागोत न्हावी होता. स्क्रू पिळतानाही गिऱ्हाइकाची मान धरल्यासारखा बोलत राहतो. म्हणाला, "वेंडेल, तुला वेड लागलंय. अख्ख्या गल्लीत हिरवा रंग फक्त तुझ्या दारावर आणि आता माझ्या चेहऱ्यावर. प्रुइटबाईने बघितलं की आपली वरात निघणार."

मी म्हटलं, मी कुणाला घाबरत नाही. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला काहीतरी हललं म्हणून आम्ही दोघं आत आलो. सावली होती.

दार का लावलं याची नोंद करून ठेवतो: निव्वळ आठवणीखातर. दुसरं काही कारण नाही.

९ एप्रिल

आमच्या वसाहतीचं नाव व्हिस्परिंग विलोज, म्हणजे कुजबुजणारे विलो. अॅरिझोनाच्या या रखरखाटात विलोचं एक झाड नाही. कुजबुज मात्र भरपूर.

घरं सगळी एकाच साच्यातली. भिंतींना तीनच रंग चालतात: वाळू, ओली वाळू आणि बदाम. घराचे नंबरही बदामी, वाळूच्या भिंतीवर. ते वाचायला घुबडाचे डोळे हवेत. हे सगळं घरमालकांची असोसिएशन ठरवते. माझी बायको मेबल होती तेव्हा तिला हे फार आवडायचं. म्हणायची, "बघ कसं शांत वाटतं. कुणाच्या अंगणात मोडकी गाडी नाही." तिच्या दम्यासाठी आम्ही इथे आलो. दमा बरा झाला, आणि मग ती दुसऱ्याच कशाने गेली.

फेब्रुवारीतला तो प्रकार एकदाच लिहितो, पुन्हा नाही. फिरून आलो, दार उघडं होतं, आत गेलो, बूट काढले. सोफ्यावर एक अनोळखी बाई बसून नखं रंगवत होती. ती किंचाळली. मी पण किंचाळलो. दोष उघडच बिल्डरचा. मी तीस वर्षं गावोगाव टपाल वाटलेला माणूस. कुठल्या वळणावर कुठला कुत्रा भुंकतो, कुठलं दार कसं आपटतं, सगळं पाठ होतं. मला घर सापडत नाही असं म्हणणं म्हणजे माशाला पोहता येत नाही म्हणणं.

पण त्या बाईने कॉनीला फोन केला. कॉनी माझी मुलगी, ओमाहात असते. ती शांतपणे म्हणाली, "डॅड, पुन्हा एकदा असं झालं ना, तर मी पुढच्या विमानाने येते आणि तुम्हाला इथे घेऊन येते. भांडायचं नाही." इथे म्हणजे मेपल मॅनर. तिथे म्हातारी माणसं खुर्च्यांवर गोल करून बसतात आणि फुगा एकमेकांकडे ढकलतात. फुगा खाली पडला नाही की टाळ्या.

मी सांगितलं, पुन्हा होणार नाही. आता होणारही नाही. (दाराचा याच्याशी संबंध नाही.)

१४ एप्रिल

दार उत्कृष्ट चालतं. चार वेळा फिरून आलो, चारही वेळा लांबूनच हिरवं दिसलं. हात लावला की कुंई. आपलंच.

संध्याकाळी तिने बघितलं.

मिसेस लॉरेन प्रुइट, असोसिएशनच्या अध्यक्षा. गोल्फच्या गाडीतून फिरतात. ती गाडी विजेवर चालते, आवाज म्हणून नाही. आपण गुलाबाला पाणी घालत असतो आणि मागे वळतो तो गाडी उभी. कधीपासून उभी, देव जाणे. माझ्या हातातली नळी माझ्याच पायावर सुटली. मी घाबरलो नव्हतो, पाण्याचा जोर जास्त होता.

म्हणाल्या, "मिस्टर ओस्टमन, दार नवीन दिसतंय."

मी म्हटलं, "जुनं आहे." फार हजरजबाबी उत्तर. त्या हसल्या नाहीत. दाराचा फोटो काढला आणि गेल्या, आल्या तशाच, बिनआवाज.

१६ एप्रिल

दाराच्या मुठीला पिवळं कार्ड अडकवलेलं. परवानगीशिवाय दर्शनी भागात बदल. एकतर काढा, नाहीतर वीस मेच्या सभेत कारण सांगा.

झोप बरी लागली. म्हणजे पहाटे लागली.

गसशी सविस्तर चर्चा. मी असोसिएशनचे तोटे सांगितले. तो फायदे सांगत बसला. "पोहायचा तलाव आहे. रस्त्यावर दिवे आहेत. शेजारी डुक्कर पाळू शकत नाही."

मी म्हटलं, "मला डुकरं आवडतात."

"तुला आवडतील रे. डुकराला तू आवडायला हवास." मग म्हणाला, "बाई तशी वाईट नाही. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सूप आणून द्यायची. कचऱ्याचा डबा बाहेर राहिला म्हणून नोटीसही तीच देऊन गेली. एकाच फेरीत."

यालाच मी दहशत म्हणतो.

निश्चय: सभेत लढायचं. कायद्याने नाही, कवितेने. आमच्या एकखोली शाळेत मिस टॉलेफसन म्हणायच्या, पाठ केलेली कविता म्हणजे खिशातला दिवा. मला शाळेतल्या सगळ्या कविता अजून येतात. आता स्वतःचीच करायची.

२ मे

कविता झाली. उतरवून ठेवतो:

दार नव्हे हे, गाणे माझे, जाळीमधुनी वारा वाजे,
ज्याच्या कानी घर हे गाते, तो का शोधी दार दुजे?

दुसरी ओळ फारच सरस. अर्थ जरा जास्त निघतो की काय अशी शंका आली. पण असोसिएशनच्या लोकांना कवितेतलं काय कळतंय.

गसला म्हणून दाखवली. तो म्हणाला, "वेंडेल, तू ठीक आहेस ना?" मत्सर.

११ मे

ऊन चढतंय. एकशे पाच डिग्री फॅरनहाइट. टीव्हीवर सांगतात, म्हाताऱ्यांनी दुपारी बाहेर पडू नये. मागच्या वर्षी आपल्याच गल्लीच्या मागे एक माणूस वाट चुकून कोसळला होता, असं पोहण्याच्या तलावावर बायका बोलत होत्या. मी तिथून उठून आलो. असल्या गप्पा मला आवडत नाहीत. वळणं मोजत घरी निघालो. मग हिरवं दिसलं.

कॉनीचा फोन. "डॅड, सगळं व्यवस्थित?" मी म्हटलं, एकदम. मागे स्प्रिंग वाजली, गस आत येत होता. ती म्हणाली, "हा कसला आवाज?" मी म्हटलं, पक्षी.

२० मे, रात्री

सभा झाली. एकंदरीत यशस्वी.

क्लबहाउसमध्ये सगळे वाळू, ओली वाळू आणि बदामी कपड्यांत. माझा नंबर कचरापेट्यांच्या विषयानंतर. उभा राहिलो. पहिली ओळ उत्तम गेली. दुसऱ्या ओळीआधी मी नाट्यमय विराम घेतला. विराम जरा लांबला. लोकांना वाटलं मी विसरलो. मी विसरलो नव्हतो. ओळ तिथेच होती, समोर, फक्त तिच्यात शिरायचं दार सापडत नव्हतं. शेवटी मी "वगैरे" म्हणून बसलो.

कुणीतरी टाळी वाजवली. एकच. बहुधा गस.

मग मिसेस प्रुइट म्हणाल्या, "मिस्टर ओस्टमन, समितीला कारण लिहावं लागतं. सौंदर्य हे कारण आमच्याकडे बसत नाही. प्रकृतीचं काही असेल तर सूट देता येते. डॉक्टरांची चिठ्ठी, घरच्यांना एक फोन, झालं. प्रकृतीचं काही आहे का?"

गसने मला कोपराने ढोसलं. जोरात.

तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. पण घरच्यांना फोन म्हणजे कॉनी, कॉनी म्हणजे विमान, विमान म्हणजे फुगा. मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "माझी प्रकृती घोड्यासारखी आहे. कारण फक्त सौंदर्य."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शिकारी बघतो तसं. मग हळू म्हणाल्या, "एकदा विचार करा, वेंडेल." आजवर मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती. अंगावर काटा आला.

निकाल: एकतीस मेपर्यंत दार काढायचं.

बाहेर आल्यावर गस चिडला. "अरे गाढवा, ती तुला दार उघडून देत होती!" मी म्हटलं, ती दार काढायला सांगत होती. गसला इंग्रजी अजून नीट येत नाही. ग्रीक माणूस.

३१ मे

दार काढलं. याला माघार म्हणत नाहीत, डावपेच म्हणतात. दार गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. स्प्रिंग मी काढून उशाशी ठेवलीय, गंजू नये म्हणून.

नवे उपाय ठरवले. एक, दुपारी बाहेर जायचं नाही. दोन, सकाळीही फार लांब जायचं नाही. तीन, ही वही आणि पेन्सिल कायम शर्टाच्या खिशात. कविता सुचली तर.

आता आपलं दार उघडताना आवाजच होत नाही. उघडतं आणि मिटतं, डोळ्यासारखं.

४ जून

फिरायला गेलोच नाही. गसने विचारलं, तर म्हटलं गुडघा. दोन्ही गुडघे ठीक आहेत.

तो म्हणाला, "चल, माझ्याबरोबर ये, हात धरून नेतो तुला, लग्नाला नेतो तसा." मी म्हटलं, तुझ्यासारख्या नवरीपेक्षा ऊन बरं. फार हसलो दोघं. तो गेल्यावर वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

९ जून

गस मुलाकडे शिकागोला गेलाय. दूध संपलं. दुकान कोपऱ्यावरच. टपालखात्यातला माणूस कोपऱ्यावर जायला घाबरतो म्हणजे काय? गेलो. दूध घेतलं. आलो.

येताना जरा फिरणं झालं. मुद्दाम. ऊन डोळ्यांत येत होतं आणि घरं दोन्ही बाजूंनी एकसारखी पुढे सरकत होती, जशी काही मी उभा आणि तीच चालत होती. दुधाची बाटली कोमट झाली. मी हाक मारली नाही. कुणाला मारणार, आणि काय म्हणून?

मग एकदम माझं गॅरेज सताड उघडं दिसलं! आणि गॅरेज उघडं ठेवणं म्हणजे थेट नोटीस. कुठल्याही क्षणी ती बिनआवाजाची गाडी येईल म्हणून जीव मुठीत धरून धावलो, आत शिरलो, बटण दाबून दार खाली घेतलं. वाचलो.

आता स्वयंपाकघरात बसून लिहितोय. थंड आहे. कॉफी केली. डबा भलत्याच कपाटात निघाला, कॉनीने मागे आली तेव्हा हलवलेला असणार. फ्रिजमध्ये दही फार. मी दही खात नाही. भिंतीवर सैनिकी गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो आहे. चेहरा चांगला आहे. मेबलच्या माहेरचा कुणी असावा.

शेजारी भिंतीवर रंगांचे नमुने टाचलेत. वाळू. ओली वाळू. बदाम. म्हणजे आता माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा! मी नसताना शिरून लावून गेले! याविरुद्ध सभेत बोललंच पाहिजे.

गॅरेजमध्ये आपलं हिरवं दार दिसलं का? आठवत नाही. घाईत होतो.

जाऊन बघावं. नको. कॉफी संपू दे.

पुढच्या दाराशी कोणीतरी आहे. चावी फिरतेय. माझ्या कुलपात. चोराकडे चावी कशी? कॉनी? कॉनी एवढ्यात कशी येईल? मी पेन्सिल खाली ठेवत नाही.

दार उघडलं. कुंई नाही, फट् नाही.

मिसेस प्रुइट. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. माझ्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं, त्या फोटोकडे एकदा बघितलं. पिशव्या ओट्यावर ठेवल्या, कपाटातून स्वतःसाठी एक कप काढला, न शोधता, आणि समोर बसत म्हणाल्या, "माझं गॅरेज तुम्ही बंद केलंत होय? बरं झालं, वेंडेल. त्याला नोटीस लागते."